प्येर आंद्रे लात्रेय

प्येर आंद्रे लात्रेय (जन्म : ब्रिव्ह-ला-गायार्द, फ्रान्स, २९ नोव्हेंबर १७६२, मृत्यू : पॅरिस, ६ फेब्रुवारी १८३३) हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व कीटकशास्त्रज्ञ होते. कीटक, अष्टपाद व कवचधारी अशा संधिपाद प्राण्यांच्या वर्गीकरणाला त्यांनी नैसर्गिक पद्धतीचा पाया दिला. एकमेकांशी नाते असलेल्या प्रजातींची कुले बनविणे, कुलाला त्यातीलच एखाद्या प्रजातीवरून नाव देणे आणि प्रत्येक प्रजातीसाठी एक प्ररूप जाती निश्चित करणे, या आज सर्वमान्य असलेल्या प्रथांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तुरुंगात असताना जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीच्या एका भुंगेऱ्यामुळे त्यांचे प्राण वाचले. त्या भुंगेऱ्याचे कुल आज ज्या नावाने ओळखले जाते, त्या नावाचे श्रेय लात्रेय यांच्याकडेच जाते.

जन्म आणि बालपण

लात्रेय यांचा जन्म फ्रान्सच्या लिमूझँ प्रांतातील ब्रिव्ह या गावी झाला. ते सेनापती बॅरन देस्पान्याक यांचे अनौरस पुत्र होते. वडिलांनी त्यांना पुत्र म्हणून कधीही मान्यता दिली नाही आणि आईने जन्मतःच त्यांचा त्याग केला. लात्रेय हे आडनावसुद्धा त्यांना कायदेशीररीत्या १८१३ मध्ये, म्हणजे वयाची पन्नाशी गाठल्यावर मिळाले. तोपर्यंत या नावाने त्यांचे अनेक ग्रंथ प्रसिद्ध झालेले होते. हजारो जीवांना नाव आणि कुल देण्याचे काम पुढे ज्याच्या हातून घडले, त्याला स्वतःचे नाव व कुल मात्र वारशाने लाभले नव्हते.

अनाथासारखी स्थिती असली तरी त्यांना आधार देणारी माणसे भेटत गेली. आरंभी गावातील एका वैद्याने आणि नंतर एका व्यापाऱ्याने त्यांचा सांभाळ केला. पुढे वडिलांच्या कुटुंबातील मंडळींनी त्यांच्याकडे लक्ष दिले आणि १७७८ मध्ये त्यांना शिक्षणासाठी पॅरिसला आणले.

शिक्षण व धर्मदीक्षा

पॅरिस विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कार्दिनाल-लमुआन महाविद्यालयात लात्रेय यांचे शिक्षण झाले. धर्मगुरू होण्याच्या हेतूने त्यांनी १७८० मध्ये लिमोज येथील धर्मविद्यालयात प्रवेश घेतला आणि १७८६ मध्ये डीकन, म्हणजे उपधर्मगुरू, होऊन ते बाहेर पडले. काही वर्षे आपल्या पत्रांवर ते धर्मगुरू या उपाधीसह स्वाक्षरी करीत असत. प्रत्यक्षात धर्मोपदेशकाचे काम आपण कधीच केले नाही, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

विद्यार्थिदशेपासूनच त्यांचा ओढा निसर्गाभ्यासाकडे होता. ब्यूफाँ यांच्या देखरेखीखालील राजोद्यानात ते जात आणि पॅरिसच्या परिसरात कीटक गोळा करीत. रने-झ्यूस्त आयुई यांच्याकडून त्यांनी वनस्पतिशास्त्राचे धडे घेतले. स्फटिकविज्ञानाचे एक संस्थापक म्हणून आयुई पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्याच ओळखीने लात्रेय यांचा झाँ-बातिस्त लामार्क यांच्याशी परिचय झाला आणि हा स्नेह आयुष्यभर टिकला.

धर्मविद्यालयातून बाहेर पडल्यावर ते काही काळ ब्रिव्ह येथे राहिले व फावला वेळ त्यांनी कीटकसंग्रहात घालविला. १७८८ मध्ये ते पॅरिसला परतले. फ्रान्समध्ये आढळणाऱ्या म्युटिला या गांधीलमाश्यांवर त्यांनी निबंध लिहिला. या माश्यांच्या माद्या पंखहीन असून दिसायला केसाळ मुंगीसारख्या असतात. या निबंधामुळे पॅरिसच्या निसर्गविज्ञान मंडळात त्यांना सदस्यत्व मिळाले.

राज्यक्रांती आणि तुरुंगवास

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीला प्रारंभ झाला. पुढील वर्षी राष्ट्रीय सभेने धर्मगुरूंविषयीचा नवा कायदा संमत केला. या कायद्याने चर्च राज्यसत्तेच्या अधीन झाले आणि धर्मगुरूंवर राष्ट्राशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्याची सक्ती झाली. ज्यांनी शपथ घेतली नाही त्यांना देशद्रोही समजण्यात येऊ लागले. लात्रेय यांनी शपथ घेतली नव्हती. दहशतीचे पर्व सुरू असताना नोव्हेंबर १७९३ मध्ये त्यांना अटक झाली. पुढे त्यांना बोर्दो येथील तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांच्याबरोबर शपथ नाकारणारे इतर धर्मगुरू होते आणि सर्वांवर मृत्यूची छाया होती.

एके दिवशी तुरुंगाचे वैद्य कैद्यांची तपासणी करण्यासाठी कोठडीत आले. तेव्हा कोठडीच्या जमिनीवरील एक लहानसा भुंगेरा निरखून पाहण्यात लात्रेय गढून गेलेले त्यांना दिसले. अशा प्रसंगी हा माणूस किड्याकडे का पाहत आहे, याचे वैद्यांना आश्चर्य वाटले. हा कीटक दुर्मिळ आहे, असे लात्रेय यांनी त्यांना सांगितले. वैद्यांवर या उत्तराचा प्रभाव पडला. त्यांनी तो भुंगेरा आपल्या परिचयातील एका निसर्गाभ्यासी मुलाकडे पाठविला. झाँ-बातिस्त बोरी द सँ-व्हँसाँ हे त्या मुलाचे नाव. त्या वेळी त्याचे वय सुमारे पंधरा वर्षांचे होते.

बोरी याला लात्रेय यांच्या लेखनाची माहिती होती. भुंगेरा कोणी पाठविला आहे हे समजताच त्याने त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. ती यशस्वी होऊन लात्रेय आणि त्यांच्या कोठडीतील आणखी एक कैदी यांची मुक्तता झाली. मागे राहिलेले त्यांचे सहबंदी मात्र महिन्याभरातच मृत्युमुखी पडले. या प्रसंगाच्या निरनिराळ्या कथनांत काही तपशील वेगळे असले, तरी भुंगेरा, वैद्य आणि तरुण निसर्गाभ्यासक ही साखळी सर्वत्र आढळते. बोरी द सँ-व्हँसाँ पुढे स्वतः नावाजलेले निसर्गशास्त्रज्ञ झाले आणि १८२९ मध्ये ग्रीसमधील मोरिया प्रांतात गेलेल्या फ्रेंच वैज्ञानिक मोहिमेचे त्यांनी नेतृत्व केले.

नेक्रोबिया रुफिकॉलिस

लात्रेय यांचे प्राण वाचविणाऱ्या भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव नेक्रोबिया रुफिकॉलिस असे आहे. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फाब्रिसियस यांनी १७७५ मध्ये केले होते. या भुंगेऱ्याची लांबी सुमारे ४ ते ६ मिलिमीटर असते. पंखावरणांचा बहुतेक भाग चकचकीत निळा असून त्यांचा बुडाकडील भाग, अग्रवक्ष आणि पाय तांबूस तपकिरी असतात. मानेसारख्या दिसणाऱ्या या तांबड्या अग्रवक्षावरूनच जातीला रुफिकॉलिस, म्हणजे तांबड्या मानेचा, हे नाव पडले. प्रजातीचे नेक्रोबिया हे नाव ग्रीक भाषेतील मृत आणि जीवन या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनले आहे. मृतदेहावर जगणारा असा त्याचा आशय आहे.

नाव सार्थ आहे. हा भुंगेरा सुकलेले मांस, कातडी, हाडे व वाळलेली प्रेते यांवर आढळतो. तेथील माश्यांच्या अळ्या आणि इतर कीटकांच्या अळ्या हेही त्याचे अन्न असते. व्यापारी मालाबरोबर तो जगभर पसरला आहे. प्रेत जुने होऊन सुकू लागल्यावर त्यावर येणाऱ्या कीटकांत नेक्रोबियाच्या जातींचा समावेश होतो. त्यामुळे मृत्यू होऊन किती काळ लोटला, याचा अंदाज बांधणाऱ्या न्यायवैद्यक कीटकशास्त्रात या प्रजातीला महत्त्व आहे. तिचीच दुसरी जाती, नेक्रोबिया रुफिपिस, तांबड्या पायांची असते. उष्ण प्रदेशांत ती साठविलेले सुके खोबरे आणि सुकी मासळी यांची नासाडी करते.

नेक्रोबिया ही प्रजाती क्लेरिडी या कुलात मोडते. या कुलात सुमारे ३,५०० जाती असून त्यांतील बहुतेक इतर कीटकांची शिकार करणाऱ्या आहेत. काही जाती झाडांची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना खातात, तर काहींच्या अळ्या मधमाश्यांच्या घरट्यांत वाढतात. शिकारी जातींच्या या कुटुंबात मृत प्राण्यांवर जगणारी नेक्रोबिया थोडी वेगळी वाटते. त्यामुळे तिला व तिच्या निकटवर्ती प्रजातींना काही वर्गीकरणतज्ज्ञांनी स्वतंत्र कुल मानले, तर इतरांनी त्यांना क्लेरिडीचे एक उपकुल म्हणून ठेवले. क्लेरिडी या कुलनामाचे श्रेय लात्रेय यांच्या १८०२ मधील लेखनाला दिले जाते. सुटकेनंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या हातून ही नोंद झाली.

पहिला ग्रंथ आणि पुन्हा बंदिवास

सुटकेनंतर लात्रेय यांनी अध्यापन करून उदरनिर्वाह केला. या काळात फाब्रिसियस यांच्यासह अनेक कीटकशास्त्रज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. फाब्रिसियस यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी १७९६ मध्ये कीटकांच्या प्रजातिलक्षणांचा नैसर्गिक क्रमाने परिचय करून देणारा ग्रंथ ब्रिव्ह येथे स्वखर्चाने प्रसिद्ध केला. या ग्रंथात त्यांनी प्रजातींची लक्षणे दिली, त्या कुलसदृश गटांत मांडल्या, परंतु प्रजातीत कोणकोणत्या जाती येतात हे सांगितले नाही. पुढील अभ्यासकांना त्यामुळे बरीच अडचण झाली. ही उणीव लात्रेय यांनी स्वतःच १४ वर्षांनंतर एका वेगळ्या मार्गाने भरून काढली.

१७९७ मध्ये त्यांच्यावर पुन्हा संकट आले. त्यांना घरात स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यांची पुस्तके जप्त झाली. या वेळी पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयातील प्राध्यापक जॉर्ज क्युव्हिए, लासेपेद आणि लामार्क यांनी आपले वजन खर्च करून त्यांची सुटका करविली.

संग्रहालयातील कार्य

१७९८ मध्ये लात्रेय यांची राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयात नेमणूक झाली. तेथे लामार्क यांच्यासमवेत संधिपाद प्राण्यांच्या संग्रहाची व्यवस्था लावण्याचे काम त्यांच्याकडे होते. संग्रह लावताना प्रत्येक नमुना हाताळावा लागतो, त्याची इतरांशी तुलना करावी लागते आणि त्याचे स्थान ठरवावे लागते. या दैनंदिन कामातूनच त्यांचे मोठे ग्रंथ तयार झाले.

१८०० मध्ये फ्रान्समधील सॅलॅमँडरांवर आणि १८०२ मध्ये मुंग्यांवर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. ब्यूफाँ यांच्या निसर्गेतिहासाच्या सोन्निनी यांनी काढलेल्या विस्तारित आवृत्तीसाठी त्यांनी १८०२ ते १८०५ या काळात कवचधारी प्राणी व कीटक यांवर १४ खंड लिहिले. १८०६ ते १८०९ मध्ये लॅटिन भाषेत त्यांनी कवचधारी व कीटकांच्या प्रजातींचे विवेचन करणारे चार खंड प्रसिद्ध केले. हा त्यांचा सर्वांत प्रौढ ग्रंथ समजला जातो. क्युव्हिए यांच्या प्राणिसृष्टीवरील सुप्रसिद्ध ग्रंथातील (१८१७) संधिपाद प्राण्यांचा संपूर्ण खंड लात्रेय यांनी लिहिला. हुम्बोल्ट आणि बाँप्लाँ यांनी अमेरिकेतील प्रवासात जमविलेल्या कीटकांचे वर्णनही त्यांनी केले. याशिवाय निसर्गविज्ञानाच्या कोशासाठी त्यांनी शेकडो नोंदी लिहिल्या. काही काळ ते पॅरिसजवळील आल्फोर येथील पशुवैद्यक विद्यालयात प्राणिशास्त्राचे अध्यापनही करीत होते.

कीटकशास्त्रज्ञ ऑलिव्हिए यांच्या निधनानंतर १८१४ मध्ये लात्रेय यांची फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य म्हणून निवड झाली. १८२१ मध्ये त्यांना लेजियाँ दॉनर हा सन्मान मिळाला. लामार्क यांची दृष्टी अधू होत गेली, तसे त्यांच्या अध्यापनाचे व संशोधनाचे बरेचसे काम लात्रेय करू लागले.

वर्गीकरणाची पद्धती

लात्रेय यांच्यापूर्वी कीटकांच्या वर्गीकरणाच्या दोन पद्धती मुख्यत्वे प्रचारात होत्या. लिनियस यांनी पंखांची संख्या व स्वरूप यांना प्राधान्य दिले होते. त्यांचे शिष्य फाब्रिसियस यांनी मुखांगांच्या रचनेवर आपली पद्धती उभारली. दोन्ही पद्धतींत एकाच अवयवाला निर्णायक मानले जाई. अशा पद्धतीने कीटक ओळखणे सोपे होते. पण तिच्यात एक दोष होता. एका अवयवात साम्य असलेले, परंतु इतर सर्व बाबतींत भिन्न असलेले प्राणी एकत्र येत आणि खरे आप्त एकमेकांपासून दुरावत.

वनस्पतिशास्त्रात आंत्वान लोराँ द ज्युसिय यांनी १७८९ मध्ये अनेक लक्षणांचा एकत्रित विचार करून वनस्पतींची नैसर्गिक कुले मांडली होती. तीच दृष्टी लात्रेय यांनी कीटकांना लावली. पंख, मुखांगे, शृंगिका, पाय, शरीराची एकूण ठेवण, रूपांतरणाची पद्धत आणि राहणी या सर्वांचा त्यांनी विचार केला. ज्या प्रजातींत अशी अनेक लक्षणे एकत्र जुळून येतात त्यांना त्यांनी एका कुलात घातले.

कुलाला नाव देण्याची त्यांची रीतही महत्त्वाची ठरली. गटाचे नाव एखाद्या लक्षणावरून ठेवले, तर ते लक्षण नसलेला सदस्य सापडताच नाव अयोग्य ठरते. लात्रेय कुलाला त्यातील एखाद्या प्रजातीवरून नाव देत. क्लेरस या प्रजातीवरून क्लेरिडी, काराबस या प्रजातीवरून काराबिडी, अशी ही रचना आहे. कुलनामांना आज जो ठरावीक प्रत्यय लागतो तो नंतर रूढ झाला. मात्र नावाचा आधार प्रजाती असावी, हे तत्त्व त्यांच्या कार्यामुळे दृढ झाले.

अतिसूक्ष्म भुंगेऱ्यांचे एक कुल

लात्रेय यांच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा सेलाफिडी या अल्पपरिचित कुलाच्या इतिहासातून स्पष्ट होतात. या कुलाच्या नावाचे श्रेयही लात्रेय यांच्या १८०२ मधील लेखनाकडेच जाते. सेलाफस या प्रजातीचे नाव चाचपडणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. या भुंगेऱ्यांपैकी अनेकांच्या मुखांगांवर लांब स्पर्शके असतात आणि चालताना ते त्यांनी पुढची जागा चाचपतात.

हे भुंगेरे बहुधा १ ते ३ मिलिमीटर लांबीचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. कुजणारा पालापाचोळा, शेवाळ, सडके लाकूड यांत ते राहतात व कोळिष्टकांसारख्या बारीक जीवांची शिकार करतात. काही जाती मुंग्यांच्या वारुळात वस्ती करतात. क्लॅव्हिजर या प्रजातीतील भुंगेऱ्यांना डोळे नसतात. त्यांच्या अंगावरील केसांच्या झुपक्यांतून पाझरणारा स्राव मुंग्या चाटतात आणि त्याच्या बदल्यात त्यांना सांभाळतात व खाऊ घालतात.

भुंगेऱ्यांच्या गणाची स्थूल विभागणी करताना लात्रेय यांनी पायाच्या टोकाकडील भागाच्या, म्हणजे गुल्फाच्या, खंडांची संख्या हे लक्षण वापरले. पाच खंडांचे, चार खंडांचे, तीन खंडांचे असे गट त्यांनी केले. खंडांच्या गणनेची ही रीत त्यांच्या आधीच्या फ्रेंच अभ्यासकांनी सुरू केली होती आणि लात्रेय यांनी तिला व्यापक रूप दिले. सेलाफिडी कुलातील भुंगेऱ्यांच्या पायांत त्यांना आरंभी दोनच खंड दिसले. म्हणून त्यांनी या भुंगेऱ्यांसाठी वेगळा विभाग केला. पुढे बुडाशी असलेला अत्यंत बारीक खंड लक्षात आल्यावर त्यांनी आपली मांडणी बदलली आणि हे भुंगेरे तीन खंडांच्या गटात नेले. त्यामुळे चित्रांग ढालकिड्यांसारख्या भुंगेऱ्यांच्या शेजारी त्यांना स्थान मिळाले.

वास्तविक या सूक्ष्म भुंगेऱ्यांची पंखावरणे आखूड असतात व त्यांच्या पोटाचे खंड उघडे राहतात. स्टॅफिलिनिडी या मोठ्या कुलातील भुंगेऱ्यांचेही हेच वैशिष्ट्य आहे. पुढील पिढ्यांतील अभ्यासकांनी पायांच्या खंडांचा निकष मागे टाकला आणि हे दोन गट जवळ आणले. १९९५ मध्ये न्यूटन व थेअर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी प्रौढांच्या व अळ्यांच्या अनेक लक्षणांचे विश्लेषण करून सेलाफिडी हे स्टॅफिलिनिडीचेच एक उपकुल असल्याचे मांडले. आज हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. या उपकुलात ९,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. स्टॅफिलिनिडी हे कुलनामही लात्रेय यांच्याच १८०२ च्या कार्यातील आहे.

गुल्फाच्या खंडांवरची त्यांची विभागणी टिकली नाही, कारण तिच्यात एकाच अवयवाला जास्त महत्त्व दिले गेले होते. अनेक लक्षणांचा एकत्रित विचार करावा, हे त्यांचे मूळ तत्त्व मात्र टिकले आणि त्याच तत्त्वाने त्यांची ही चूक दुरुस्त केली.

प्ररूप जातीची संकल्पना

१८१० मध्ये लात्रेय यांनी कवचधारी, अष्टपाद व कीटक या तीन वर्गांच्या नैसर्गिक क्रमावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटी त्यांनी एक सारणी जोडली. या सारणीत प्रजातींची नावे असून प्रत्येक नावापुढे त्या प्रजातीचे उदाहरण म्हणून जातीचा उल्लेख होता. १७९६ च्या ग्रंथात प्रजातींपुढे जातींची नावे नव्हती. ती उणीव या सारणीने भरून निघाली.

या सारणीचे महत्त्व पुढे वाढत गेले. नवनव्या जाती सापडत जातात, तशा मोठ्या प्रजाती विभागाव्या लागतात. विभागणी झाल्यावर मूळ नाव कोणत्या तुकड्याकडे राहावे, हा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक प्रजातीला एक प्ररूप जाती असेल, तर ती जाती ज्या गटात जाईल त्या गटाकडे मूळ नाव जाते आणि वाद मिटतो. १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने लात्रेय यांच्या सारणीतील नोंदींना प्ररूप जातींच्या निश्चितीचा दर्जा दिला. ज्या प्रजातींपुढे एकाच जातीचे नाव आहे त्यांच्यापुरताच हा दर्जा मर्यादित असल्याचे पुढे स्पष्ट करण्यात आले.

अखेरची वर्षे

१८२४ पासून लात्रेय यांची प्रकृती ढासळू लागली. त्यांनी आपली व्याख्याने व्हिक्तोर ओदुअँ यांच्याकडे सोपविली. वर्गीकरणाच्या कामात लपल्तिए, सेर्व्हिय व गेरँ-मेनव्हिल यांच्यासारख्या तरुण अभ्यासकांचे साहाय्य त्यांना लाभले. या अवस्थेतही १८२५ मध्ये प्राणिसृष्टीतील नैसर्गिक कुलांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डिसेंबर १८२९ मध्ये लामार्क यांचे निधन झाले. त्यानंतर लामार्क यांचे अध्यासन विभागले जाऊन कीटक व तत्सम प्राण्यांचे अध्यासन लात्रेय यांच्याकडे आले. संग्रहालयात तीन दशकांहून अधिक काळ काम केल्यानंतर, वयाच्या सदुसष्टीच्या सुमारास, त्यांना हे प्राध्यापकपद मिळाले.

त्यांनी ब्रह्मचर्याच्या व्रतातून मुक्त होण्यासाठी चर्चकडे केलेला अर्ज उपलब्ध आहे. त्यांच्या पत्नीचे मे १८३० मध्ये आजाराने निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. एका भाचीला त्यांनी दत्तक घेतले होते. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची साथ पसरली. तेव्हा १० एप्रिल रोजी त्यांनी संग्रहालयातील पदाचा राजीनामा दिला व ते ग्रामीण भागात राहावयास गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या फ्रान्सच्या कीटकशास्त्र मंडळाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. मंडळाने त्यांना सन्माननीय अध्यक्ष केले. नोव्हेंबरमध्ये ते पॅरिसला परतले. ६ फेब्रुवारी १८३३ रोजी मूत्राशयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

स्मारक

पॅरिसच्या पेर लाशेज या दफनभूमीत लात्रेय यांचे दफन झाले. कीटकशास्त्र मंडळाने वर्गणी जमवून त्यांच्या समाधीवर ९ फूट उंचीचा चौकोनी निमुळता स्तंभ उभारला. त्यावर कोरलेल्या मजकुरात नेक्रोबिया रुफिकॉलिस या भुंगेऱ्याचाही लॅटिन भाषेत उल्लेख असून त्याला लात्रेय यांचा तारणहार म्हटले आहे.

वारसा

समकालीन अभ्यासक लात्रेय यांना आपल्या काळातील अग्रगण्य कीटकशास्त्रज्ञ मानीत. प्राणिशास्त्रात कुलाच्या नावापुढे ते प्रथम वापरणाऱ्या अभ्यासकाचे नाव व वर्ष लिहिण्याची प्रथा आहे. भुंगेऱ्यांच्या अनेक प्रमुख कुलांपुढे लात्रेय यांचे नाव आढळते. शेणकिडे आणि हुमणीचे भुंगेरे ज्यात मोडतात ते स्कॅराबिडी, धान्यातील सोंडकिड्यांचे कुर्क्युलिओनिडी, लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांचे सेरांबिसिडी, पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे क्रायसोमेलिडी आणि ढालकिड्यांचे कॉक्सिनेलिडी ही त्यांतील काही कुले होत. मुंग्यांचे फॉर्मिसिडी आणि मधमाश्यांचे एपिडी या कुलनामांचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. गोम व वाणी यांसारख्या प्राण्यांसाठी असलेले मिरिॲपोडा, म्हणजे बहुपाद, हे नाव त्यांनी १८०२ मध्ये वापरले.

महाराष्ट्रात उसाचे वा भुईमुगाचे पीक खाणाऱ्या हुमणीची नोंद कृषी महाविद्यालयातील विद्यार्थी करतो, तेव्हा तो जे कुलनाम लिहितो ते लात्रेय यांच्या परंपरेतील असते. मृत्यूच्या दारात उभे असतानाही कोठडीच्या जमिनीवरील एका क्षुद्र वाटणाऱ्या जीवाकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय त्यांनी सोडली नाही. त्याच सवयीने त्यांचे प्राण वाचले आणि प्राणिशास्त्राला कीटकांची सुव्यवस्थित कुले मिळाली.